कन्यादानाचं पुण्य

हे मी कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — तिच्याच भावाची भानगड होती. तुम्ही परके, म्हणून सांगतो.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात दादाच्या लघवीतून रक्त जायला लागलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कारध्याला आमची धानाची शेती. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं मूत्राशय पाहिलं, आत गाठ दिसली. बहुतेक कॅन्सरच, म्हणाले, तरी तुकडा तपासू.

दादानं ते 'बहुतेक' ऐकलंच नाही. मरायच्या आधी पोरीचे हात पिवळे करायचे, एवढंच डोक्यात घेऊन बसला. शालू नुकतीच मॅट्रिकला बसलेली, तिला नर्स व्हायचं होतं. आणि स्थळ कोणतं? माझा साळा — बिजवर, दारुडा, पहिली बायको मारापायी पळालेली. आधी मीच हे स्थळ नेलं तेव्हा दादानं मला हाकललं होतं. आता हो म्हणाला. सासुरवाडीत मला पहिल्यांदाच जावयाचा मान मिळाला — पाटावर बसवलं, पातोडीचा रस्सा केला. आणि मी हावऱ्यासारखा खाल्ला!

लग्न तोंडावर आलं तेव्हा तुकड्याचा रिपोर्ट आणायला मी एकटाच नागपूरला गेलो. डॉक्टर हसतच म्हणाले, कॅन्सर नाही. जंतूंची गाठ आहे. दिसते हुबेहूब तशीच, क्वचित कोणाला होते, गोळ्यांनी जाईल.

आनंद झाला का मला? झाला — वरठी स्टेशनावर गाडीतून उतरेपर्यंत. मग सासऱ्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

शालू दारातच उभी होती. "काका, काय म्हणले जी डाक्टर? बाबा बरे झाले तं मले शिकू देतीन न?"

"पाहू," म्हणालो. गोळ्या नुसत्या दुखणं कमी करायच्या म्हणून दादाच्या हातात ठेवल्या आणि मांडवाचे बांबू तोडायला गेलो. एक शब्द बोलायचा होता — एकच.

अक्षता पडल्या, पुढे रक्तही थांबलं. दादा गावभर सांगत सुटला, पोरीच्या कन्यादानाचं पुण्य फळलं. नंतर तरी सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. नागपूरला औषध आणायला मीच जात राहिलो, दादाला जाऊ दिलं नाही.

शालू माहेरी येते ती पाठीवर वळ घेऊनच. परवा वहिनी रडत म्हणाली, नको जाऊ आता, इथंच राहा.

"नाही वं माय," शालू म्हणाली. "माह्या लगनानं बाबा वाचले. ते मोडलं अन् बाबाले काही झालं म्हंजे?"

मी समोरच चहा पीत बसलो होतो. सगळा प्यालो.