शोकेसमधली खरपुडी

उतीसंवर्धनाची, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याची आमची प्रयोगशाळा म्हणजे परभणीतली एक खोली. स्पिरिट आणि उकळत्या साखरेचा तिथला वास आजही कुठे आला, की मी उगाच थांबतो. आमच्या प्रमुख बाई तोंडाला मास्क लावून तिथे बाटल्यांमध्ये खरपुडी वाढवत. कंदिलासारख्या फुलाचा हा वेल पोखर्णीजवळच्या माळावर एकच उरला होता. आम्ही त्याचे तुकडे आणले आणि मागोमाग मुरमासाठी तो माळच खोदला गेला. आता जी काही खरपुडी होती ती बाटल्यांत.

खोली सुरू होऊन वर्ष झालं होतं. पण फीत कापली नव्हती, म्हणजे ती झालीच नव्हती. एक पुढारी आले. हाराऐवजी त्यांना खरपुडीची बाटली दिली. मग उरलेले सगळे कोंब बाईंनी त्यांच्यासमोर नव्या बाटल्यांत लावून दाखवायचे, असा वरून हुकूम होता. पूजेचं निरांजन कोंब लावायच्या टेबलावरच ठेवलेलं. तिथे गाळलेली हवा सोडणारा पंखा सुरू होता.

"बाई, पंखा बंद करा की. दिवा इजायलाय."

"साहेब, पंखा थांबला की बुरशी धरते."

"देवाच्या दिव्यानं कुठं बुरशी येती व्हय?"

सगळे हसले. कुणीतरी बटण दाबलं. उघड्या बाटल्यांवर उदबत्तीचा धूर आणि पाहुण्यांचे श्वास निवांत उतरले. आठवडाभरात प्रत्येक बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस. बाई दिवसभर बाटल्या धूत राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "त्यांच्याकडची बघू या."

पुढाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत शोकेस होतं. सत्काराच्या ढालींच्या मधोमध आमची बाटली, वर अखंड ट्यूबलाइट, समोर एसी. वेल झाकणाला टेकला होता.

"पाणी घालू का म्हणलं, तर हात लावू देईनात," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"सन्मानाची वस्तू हाय ती," पुढारी म्हणाले. "झाकण कशाला उघडावं?"

बाईंनी ती परत मागितली.

"दिलेला सन्मान परत मागायलाव बाई?"

"दुसरी देऊ साहेब. मोठी. फोटोसकट."

त्यांनी ढालींमधली जागा वितीने मोजली. मग त्यांनी शोकेसची किल्ली काढली.

बाई निवृत्त झाल्या, खोलीला कुलूप लागलं. माळाच्या उरलेल्या काठावर मात्र त्या एका बाटलीपासून वाढवून लावलेली खरपुडी फुलते. पुढारी पाहुणे घेऊन येतात आणि सांगतात, "हे आमच्या घरी वाढलेलं हाय." इतकी वर्षं ऐकतोय, पण त्यात खोट काढता आलेली नाही.