शेवटच्या सुरानंतरची टक

शुक्रवार, ९ जानेवारी. सकाळी कडाक्याची थंडी, दुपारी पंखा लावावा इतकं ऊन.

ऑर्केस्ट्रात ट्रँगल, म्हणजे तो स्टीलचा त्रिकोण, वाजवणाऱ्याकडे किस्से फार साठतात. चौऱ्याऐंशी बार, म्हणजे तितकी आवर्तनं, गप्प बसायचं, एकदा 'टिंग' करायचं, पुन्हा गप्प! त्या रिकाम्या वेळात मी डायरी लिहितो. आमचे कंडक्टर रणदिवे सर म्हणतात, "ट्रँगल, आत्मचरित्र लिहून झालं असेल तर सुरू करू या?"

आज सरांच्या निरोपाच्या रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. जॅझच्या ढंगाने ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या जुन्या रचना हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. वय अठ्ठ्याहत्तर. कोथरूडचा हॉल तीन दिवस आमचा. रविवारी सहाला किल्ली परत करायची आणि सोमवारी सर मुलीकडे कॅनडाला, कायमचे.

* * *

'कायमचे' या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता. सरांनी याआधी दोनदा निरोप घेतलाय. दोन्ही वेळा शाल-श्रीफळ, दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आणि पुढच्याच महिन्यात तालीम!

ट्रॉम्बोनवाल्या देवधरांनी तोंडावर विचारलं, "सर, शाल नवी आणायची की मागच्या वेळचीच?"

"मागचीच आणा," सर म्हणाले. "इस्त्री करून."

पण सरांनी स्कूटर पुतण्याला देऊन टाकली, तेव्हा मात्र शालीचे विनोद थांबले.

* * *

शेवटची रचना क्लॅरिनेटच्या एका लांब, घसरत वर चढणाऱ्या सुराने सुरू होते. पाश्चात्त्य संगीताच्या कॉलेजात शिकून आलेल्या दोघांना तो जमेना. सर धायरीहून भगवानरावांना घेऊन आले. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "यांना नोटेशन वाचता येतं का?"

भगवानरावांनी तो सूर असा काही खेचला की व्हायोलिनवाल्यांच्या माना आपोआप वर झाल्या! फक्त ते थांबेनात. नजर दाराकडे लावून वाजवतच राहिले.

"भगवानराव, थांबा! मी हात खाली केला ना?"

"पण सर, नवरदेव कुठं आलाय अजून? नवरदेव मांडवात शिरल्याबगर बँड थांबत नसतोय."

सरांनी हातातली कंडक्टरची छडी, त्यांची बॅटन, स्वतःच्या छातीला टेकवली. "नवरदेव मीच आहे असं समजा. माझ्याकडे बघा."

त्यानंतर भगवानरावांची एकदाही चूक झाली नाही.

* * *

चार रचना दोन दिवसांत झाल्या. रविवारी दुपारी ही पाचवी आणि शेवटची उरली. रेकॉर्डिंगचा एक नियम असतो. शेवटचा सूर हवेत पूर्ण विरेपर्यंत लाल दिवा चालू ठेवतात. तोवर कुणी हलायचं नाही.

पहिला टेक सुरेख झाला. शांतता. मी मनात आकडे मोजत होतो. चारवर आलो आणि 'टक'!

काचेपलीकडून साउंड इंजिनिअर इनामदारांचा आवाज आला, "कुणीतरी काहीतरी आपटलं. पुन्हा."

पहिला संशय माझ्या ट्रँगलवर. तो मफलरमध्ये गुंडाळून ठेवला. दुसरा टेक. पुन्हा चारवर 'टक'! मग संशय पादत्राणांवर. चाळीस जोड बाहेर काढले. वॉचमनने दारातून डोकावून विचारलं, "आत सत्यनारायण आहे का?"

तिसरा टेक. 'टक'!

* * *

चहाच्या सुट्टीत कुजबुज सुरू झाली. संशय ज्योत्स्नाबाईंवर. त्या पहिल्या व्हायोलिनला असतात, कर्वेनगरला क्लास घेतात आणि सरांनंतर कंडक्टर त्याच होणार हे ठरलेलं.

देवधर माझ्या कानाशी आले. "विचार करा. सरांचं रेकॉर्ड अपुरं राहिलं, तर पुढच्या वर्षी ते कुणाच्या नावावर निघेल?"

मी पुरावा नसताना लिहीत नाही. तरीही डायरीत 'ज्यो.बाई' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. चौथ्या आणि पाचव्या टेकला त्यांच्या हातांवरून नजर हटवली नाही. हात हलले नाहीत. 'टक' झालीच.

टेकनंतर तसं डायरीत लिहून मान वर केली, तर ज्योत्स्नाबाई मागे उभ्या राहून माझं पान वाचत होत्या.

"अहो, प्रश्नचिन्हाखालचं टिंब राहिलंय," त्या म्हणाल्या. आणि हळूच, "आता माझे हात पुरेत. बाकीच्यांचेही बघा."

* * *

सहाव्या टेकला मी सगळ्यांचे हात पाहिले. देवधरांचे मांडीवर, भगवानरावांचे क्लॅरिनेटवर. एक, दोन, तीन. सरांच्या उजव्या हाताची बोटं सावकाश सैल झाली आणि बॅटन समोरच्या लाकडी स्टँडवर पडली. टक.

"कोण आहे ते?" सर कडाडले. आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेले. माझ्याकडेही!

इनामदार म्हणाले, "सर, पाच वीस झालेत. सहाला हॉल सोडायचाय. एकच टेक होईल."

"होऊ दे," सर म्हणाले. "नाहीतर तिकीट पुढे ढकलू. त्यात काय?"

मी डायरीत लिहिलं, 'टेक सहावा, रद्द. कारण कळले नाही.' तीन दिवसांतली ही एकच खोटी नोंद.

* * *

सातवा टेक. भगवानरावांनी सूर असा चढवला की माझ्या अंगावर काटा आला. माझी 'टिंग' वेळेवर पडली. शेवटचा सूर झाला. सरांचा हात खाली आला. लाल दिवा चालू.

एक. ज्योत्स्नाबाईंनी व्हायोलिन आणि गज दोन्ही डाव्या हातात घेतले. दोन. त्या उठल्या. पायांत नुसते मोजे, काहीच आवाज झाला नाही. तीन. सरांची बोटं सैल होऊ लागली. ज्योत्स्नाबाईंनी उजवा हात पुढे करून बॅटनचं दुसरं टोक धरलं.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बॅटन सोडली नाही. बाईंनीही सोडली नाही. मी मोजत राहिलो. नऊ. दहा. अकरा.

चौदाला दिवा विझला.

रविवार, ११ जानेवारी. टेक सातवा, ओके. वेळ पाच एकेचाळीस. बॅटन ज्योत्स्नाबाईंच्या हातात.