पालखीचा खांदा

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालल्या होत्या. डोक्यावर बोचकी घेऊन निघालेली माणसं बघून वडिलांनी विचारलं, "निर्वासित म्हंजी कोन गं?"

"जिवाच्या भीतीनं घरदार सोडून परक्या देशात जावं लागतं, ते."

"मग आमी न्हाई त्यात."

"नाही. आपण धरणग्रस्त. आपल्याला बदल्यात जमीन मिळाली," मी म्हणाले. वडिलांनी मान डोलावली आणि उद्याच्या यात्रेच्या कपड्यांना इस्त्री झाली का ते विचारलं.

मार्गासनीच्या पुढं डोंगरात आमचं गाव होतं. धरण झालं, गाव पाण्यात गेलं. मी शाळेत जायला लागले होते तेव्हा आम्ही सारोळ्याजवळच्या एका गावात आलो. थोडी जमीन बरी मिळाली, उरलेली वडिलांनी दगड वेचून बरी केली. भांडणतंटा कुणाशी नव्हता. गावात लग्न असलं की वडील पंगतीत वाढायला, मयत झालं की सगळ्यांच्या आधी दारात. पण यात्रेत पालखीचे खांदे भावकीवार वाटलेले. आमची भावकी त्यात कुठून असणार? दर यात्रेला ते पालखीमागून चालायचे, गुलालानं माखून घरी यायचे आणि अंघोळ करून जेवायला बसायचे. राग मला यायचा.

यंदा गावातली दोन जुनी माणसं घरी आली. "यात्रेला देवळाम्होरं लवकर या. यंदा तुमचा मान हाय," म्हणाली. एका भावकीतली सगळी पोरं नोकरीपायी पुण्यात, खांदे कमी पडणार हे गावभर झालं होतं. त्यामुळं वडिलांनी दुसरा अर्थ काढलाच नाही. मीही नाही. खांदा देणाऱ्यानं उपास धरायचा, पायात काही घालायचं नाही, अशी इथली रीत. वडिलांनी दोन्ही पाळलं. तापलेल्या डांबरावरून म्हातारा अनवाणी देवळापर्यंत चालत आला. "सावलीनं चला" म्हटलं तर माझ्यावरच खेकसला.

देवळापुढं माइकवर त्यांचं नाव पुकारलं. सरपंचांनी फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि सांगितलं, "आपल्या गावानं पाव्हन्यांचा मान राखला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. कुणाच्या मनात काही वाकडं असतं तर मी भांडले तरी असते. तेवढ्यात पालखी उठली. पुण्याची पोरं टेम्पो करून आली होती. खांदे पुरून उरले.

वडील नारळ धरून तिथंच उभे राहिले. शेजारच्या मळ्यातल्या काकांनी त्यांचा हात धरला. "चला पाव्हनं, जेवून घ्या."

"पाव्हना जेवून आपल्या घरी जातो," वडील म्हणाले. "आमी कुठं जायाचं, तेवडं सांगा."