व्याह्यांची थकबाकी

आमच्या घरात माणसांकडे पैसे मागणं कुणालाच जमत नाही, म्हणून ते काम आम्ही मशीनकडे दिलं.

माझी बायको सुनंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून पुण्यातल्या सोलापूरकरांना दरमहा पार्सल पाठवते. पार्सल वेळेवर जायचं, पैसे मात्र त्यांना आठवेल तेव्हा यायचे. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून पैसे मागवत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी पडलो बँकेतून निवृत्त (म्हणजे सगळं कळतं असं समजणारा). दर महिन्याला गिऱ्हाइकाच्या खात्यातून आपोआप पैसे वळते करणारी ऑनलाइन सेवा निवडायची जबाबदारी मी अंगावर घेतली.

एकीचं कमिशन भारी, दुसरीला मराठी येईना. सुनंदाची अट एकच, गोड बोलून मागणारी बघा. मी नेमकी तिसरी घेतली. पैसे आले नाहीत तर ती रोज संदेश पाठवते, मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही, अशी तिची जाहिरात होती. माझ्यातला जुना वसुलीवाला जागा झाला. सुनंदाच्या मोबाइलमधली पार्सलची सगळी नावं मी एका दमात चढवली आणि सर्वांना मंजुरीची विनंती गेली.

त्यात अक्कलकोटचे आमचे व्याहीही होते. लेकीच्या सासरी जाणारी चटणी मायेची असते. तिचे पैसे घेणारा बाप सोलापूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचा होता. तो मी!

त्यांनी नकार दिला असता तरी मी वाचलो असतो. पण व्याह्यांकडून आलेल्या कशाला नाही म्हणायचं नसतं, अशी त्यांच्याकडची रीत. त्यांनी न वाचता मंजुरी दिली, वर मला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मीही कशाबद्दल ते न विचारता उलट दोन पाठवली.

पुढच्या महिन्यात लेकीचं डोहाळजेवण निघालं. आम्ही ओटीचं सामान घेऊन अक्कलकोटला गेलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून व्याह्यांचा मोबाइल आलेले संदेश मोठ्याने वाचून दाखवायचा, हे मला ठाऊक नव्हतं. पंगत बसली, मी पहिला घास उचलला आणि मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, “सुनंदा कडक भाकरी. आपली रक्कम थकली आहे. त्वरित भरा, अन्यथा पुरवठा बंद करण्यात येईल.”

हिरव्या साडीतल्या लेकीने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले होते. तिला जन्म काढायचा होता त्या घरात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याही उलट स्वतःच ओशाळले. “बीगरू,” ते म्हणाले (कानडीत व्याह्यांना असंच म्हणतात), “तुमच्याकडनं आलंय म्हणल्यावर मी व्हय म्हणलो. खात्यात पैसे ठेवायचं ऱ्हायलं बघा. उद्या भरतो की.”

सुनंदा ताटावरून उठली. “अण्णा, तुमी कायबी भरायचं न्हाय,” असं व्याह्यांना म्हणून तिने माझ्यापुढे हात केला. “अहो, मोबाइल आणा हिकडं.”

भरल्या पंगतीत तिने यादीतून व्याह्यांचं नाव काढलं आणि त्या जागी माझं घातलं. लेकीच्या घरची चटणी आता बापाच्या पेन्शनीतून जाईल, हेही तिने जाहीर केलं. व्याही पोट धरून हसले, लेक डोळे पुसत हसली, आणि माझ्या पानात आग्रहाच्या दोन पोळ्या पडल्या.

मागच्या महिन्यात पेन्शन लांबली, तर मला रोज संदेश यायचा, ‘सन्माननीय ग्राहक, आपली रक्कम थकली आहे.’ मी त्यातला एकही पुसलेला नाही. सुनंदाच्या नावाने मला कुणी ‘सन्माननीय’ म्हणण्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ आहे.