लाडाची गाय

आमचे काका स्वच्छतेचे भारी भोक्ते. स्वतःचं अंगण झाडतील न झाडतील, पण कुरणात गवताखेरीज दुसरं पान दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, आणि निघाली स्वारी तणनाशक मारायला. फवारलेल्या कुरणात काही आठवडे जनावरं सोडू नका, असं त्या डब्यावर ठळक छापलेलं असतं. "छापणाऱ्याच्या गायी उपाशी आहेत का? त्याचं काय जातंय!" असं म्हणून काका दुसऱ्याच दिवशी गायी सोडायचे. दूध डेअरीत जायचं. डेअरीवाले फॅट बघायचे, पाणी घातलंय का ते बघायचे. तणनाशक बघायला कुणाला वेळ आहे? दूध पांढरंशुभ्र होतं, आणखी काय हवं!

फक्त एक तांबडी गाय कुरणात जात नसे. ती परसात बांधलेली. फवारा न मारलेल्या बांधावरचं गवत काकू स्वतः कापून तिला घालायची आणि तिचं दूध घरात राहायचं. कुणी विचारलंच तर काका म्हणायचे, "ती जरा लाडाची आहे." आमच्या आळीत घरटी अशी एक लाडाची गाय होती. काय तो योगायोग!

काकांचा नातू वरचं दूध प्यायला लागला, तसा त्यांना मायेचा पूर आला. तांबडीच्या दुधाची किटली घेऊन ते रोज पहिल्या बसने शहरात लेकीच्या दारात हजर. परवा मीही बरोबर होतो.

ताईने मुलाला कडेवर घेऊन हसतच दार उघडलं. "बाबा, कशाला रोजची दगदग? खाली दुकानात आपल्याच डेअरीची पिशवी मिळते. तुमचंच दूध ना ते?"

"ते नको," काका म्हणाले.

"का नको?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच किटलीकडे पाहिलं.

"फवारलेल्या गवताचं असतं," ते पुटपुटले. "लहान जिवाला कशाला?"

ताई हसायची थांबली. "हा पोटात होता तेव्हा मी रोज तेच प्यायले, बाबा. तुमचं आहे म्हणून हट्टाने तीच पिशवी आणायचे."

एरवी टोमणे मारण्यात माझा हात कुणी धरत नाही. त्या वेळी मात्र मला काकांचा नुसता संताप संताप आला.

काकांनी किटली खाली ठेवली आणि नातवाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. ताईने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.