पिकअप किती उंच करायची

त्याला सगळे माशीमामा म्हणत. अडतीस मधपेट्या, एक जुनी पिकअप आणि एक दुखरी कंबर एवढी त्याची इस्टेट. बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवायची आणि नवऱ्याच्या तोंडावर बांधायच्या जाळ्याही. वर्षातून एकदा डोंगरावरच्या सपाटीवर रानफुलं यायची, तेव्हा माशीमामा पेट्या वर न्यायचा. वर्षाचा निम्मा मध त्या पाच आठवड्यांतच मिळायचा.

पेट्या मुळात चाळीस होत्या. मागच्या वर्षी वरच्या रस्त्यावर दरड कोसळली. मोठे दगड लोकांनी बाजूला केले, पण रस्ता पहिल्यासारखा राहिला नाही. वर जाताना एक धोंडा पिकअपच्या पोटाला घासला आणि ऑइल चेंबरला चीर गेली. मदत येईपर्यंत माशीमामा तीन तास ठिबकणारं तेल बघत उभा होता आणि मागे पेट्या उन्हात तापत होत्या. दोन पेट्यांतल्या माश्या गुदमरून मेल्या. त्यानंतर त्याला त्या रस्त्याची अशी काही धास्ती बसली, की नुसतं कुणी खुर्ची फरशीवरून ओढली तरी छातीत धस्स व्हायचं.

यंदा फुलं यायला तीन आठवडे उरले, तेव्हा त्यानं पिकअप गॅरेजमध्ये नेली आणि ती उंच करून द्या म्हणून मिस्त्रीला सांगितलं. त्यासाठी चाळीस डबे मधाचे पैसे त्यानं बाजूला ठेवले होते. पैसा तो डब्यांतच मोजायचा. नोटांपेक्षा डब्यांचा अंदाज त्याला चटकन यायचा.

मिस्त्री कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडीखाली सरकून पाहिलं, हात पुसले आणि कागद घेतला. चार इंचांचं लिफ्ट किट, शॉकॲब्सॉर्बरसकट, बावीस डबे. गाडी उंच झाली की जुनी चाकं कामाची नाहीत. खडकाळ रस्त्याचे मोठे टायर, चौदा. ब्रेकचे पाइप तोकडे पडतील, ते लांब घ्यायचे, दोन. चाकांची सरळ रेषा नव्याने जुळवायची, एक. चेंबरखाली जाड पत्रा, चार. अडकलं तर ओढून काढायला पुढे विंच, नऊ. मजुरी पाच. शिवाय गाडीत एवढा बदल केला तर तो विमा कंपनीला आणि वाहन कचेरीला कळवावा लागतो, त्याचे दोन.

यादीचं मारुतीचं शेपूट झालं होतं. माशीमामानं मनातल्या मनात बेरीज केली, मग बोटांवर केली. एकोणसाठ. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या सांगतो म्हणाला आणि घरी आला.

त्या दिवशी जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. विंच काढली तर पन्नास उरत होते. पत्रा काढला तर सेहेचाळीस, पण ज्या धोंड्यापायी हा सगळा खटाटोप चालला होता, त्याच्यासमोर गाडीचं पोट उघडं राहत होतं. सहा पेट्या विकून टाकाव्यात का? मग वर न्यायचं काय? आणि एवढं करून गाडी मधेच कलंडली तर? उंच गाडी वळणावर झुकते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नव्हतं.

बायकोनं कागद वाचला. शिंपीणच ती, तिनं माप विचारलं. चार इंच किटचे, टायरचा दीडएक इंच, म्हणजे गाडीचा मागचा हौदा केवढ्यावर जाणार? माशीमामानं हात छातीपाशी धरून दाखवला. तिनं टेपनं मोजलं. उंची खिडकीच्या कठड्याएवढी भरत होती.

"मागची एक भरली पेटी आणा आणि या कठड्यावर ठेवा," ती म्हणाली.

सत्तावीस किलोची पेटी त्यानं उचलून ठेवली. तिनं उतरवायला लावली. पुन्हा ठेवली, पुन्हा उतरवली. तिसऱ्यांदा पेटी पोटापर्यंत आली आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. कमरेत कळ आली तसा तो पेटी टेकवून खालीच बसला.

"अशा अडतीस," ती शेजारी बसत म्हणाली. "चढवायच्या आणि उतरवायच्या, पाच आठवड्यांनी परत तेच. गाडी उंच होईल हो, तुम्ही थोडेच होणार आहात?"

आता माशीमामाला वेगळीच चिंता लागली. मिस्त्रीला हे सांगायचं कसं? कंबर दुखते म्हणून गाडी बुटकी ठेवा, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हसेल. पण मिस्त्री हसला नाही. गाडीत रोज काय भरता, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, असं म्हणून त्यानं जुना कागद उलटा केला. दोन इंचांचं साधं किट, नऊ डबे. त्याला ब्रेकचे पाइप पुरतात. टायर आणि पत्रा ठेवले, विंच खोडली. मजुरी तीन, चाकं जुळवणं एक, कागदपत्रं दोन. तेहेतीस झाले. उरलेल्यांतल्या तीन डब्यांत हौद्याच्या कडेला हातानं फिरवायची साखळीची कप्पी बसवून देतो म्हणाला. पेटी अडकवायची आणि वर ओढायची.

"दोन इंच पुरतील ना?" माशीमामानं विचारलं.

"पत्रा घासेल," मिस्त्री म्हणाला. "चेंबर वाचेल. घासल्याचा आवाज मात्र येणार. घाबरून मधेच ब्रेक मारू नका."

फुलं आली. पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, पहिल्या एकोणीस पेट्या घेऊन दोघं निघाली. प्रत्येक खड्ड्याला माशीमामा आरशात पेट्यांचे पट्टे बघायचा आणि बायको त्याला समोर बघायला सांगायची. दरडीच्या वळणाशी गाडी डावीकडे झुकली आणि पोटाखालून तो खरवडल्याचा आवाज आला. पाय आपोआप ब्रेककडे गेला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"चालवा."

गाडी पुढे सरकली. शंभर पावलांवर सपाट जागा लागली तसा तो उतरला, टॉर्च घेऊन खाली आडवा झाला. पत्र्यावर लांब ओरखडा होता. तेलाचा थेंब कुठंही नव्हता. त्यानं बोट फिरवून पाहिलं, वासही घेतला, तरी विश्वास बसेना.

वर पोहोचल्यावर त्यानं एकेका पेटीला कान लावला. अठरा पेट्यांतून नेहमीची घूंघूं येत होती. एकोणिसाव्या पेटीत धक्क्यानं एक पोळं तुटलं होतं आणि मध खाली गळत होता. त्यानं झाकण उघडून चौकटी एकेक करून तपासल्या. राणी शेवटच्या चौकटीवर दिसली तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोनं तुटलेलं पोळं तिच्याजवळच्या सुती दोऱ्यानं चौकटीला बांधून दिलं.

कप्पीनं पेट्या उतरवताना कमरेनं फारशी तक्रार केली नाही. काम संपलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि माश्या फुलांवर पांगल्या होत्या. बायकोनं डबा उघडला. माशीमामा मात्र आल्या रस्त्याकडे बघत उभा होता.

"रिकामी गाडी उतारावर जास्त उडते," तो म्हणाला. "आणि उद्या परत एकोणीस पेट्या आणायच्या."

"उद्या आणू," ती म्हणाली. "आता दोन घास खाऊन घ्या."

तो येऊन बसला. पहिला घास हातात घेतला आणि परत एकदा वाकून गाडीखाली नजर टाकली.