एकादशीचे तीनशे लाडू

अंबरनाथात बोललं जातं, की बाहेरची ऑर्डर आली की गोजरबाई खानावळीतल्या मेंबरांना पातळ आमटी वाढते. साफ खोटं. आई गावी असल्यानं मी नि वडील तीन वर्षं तिथं जेवतोय. आमटी रोजच पातळ असते.

खरं असं, की महिन्याच्या आठ मेंबरांवर तिची चूल पेटते आणि ऑर्डरींवर छप्पर शाकारलं जातं. गेल्या महिन्यात लग्नाच्या पुरणपोळ्या करताना आमची साडेसातची ताटं नऊला पडली. फॅक्टरीतले सुपरवायझर जयदेवकाका प्रत्येक शब्द विड्यासारखा चघळत म्हणाले, "पुन्हा उशीर झाला, बाई, तर आम्ही सगळे नव्या खानावळीत." बाकीच्यांनी माना हलवल्या.

आठवडा गेला नाही तोच उल्हासनगरचे टहलराम शेठ दारात. "बाई, घर में सगाई है. मंगल को शाम सात बजे तीन सौ बेसन का लड्डू मंगता."

बाईनं भिंतीला टेकून, ठणकणारा पाय दाबत, बोटांवर तिथी मोजली. "हो जायेगा."

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, मंगळवारी एकादशी. सात जणांची खिचडी वेगळी, जयदेवकाका उपास करत नाहीत म्हणून त्यांची पोळीभाजी वेगळी, वर लाडू. साडेसातच्या आत ताटं पडत नाहीत. लावा पैज."

"हरलास तर आठ दिवस पातेली घासायची," ती मान वर न करता म्हणाली.

मंगळवारी सकाळपासून ती नुसत्या पाण्यावर राहून बेसन भाजत होती. सहाला मेंबर आले तेव्हा तिला उठवतही नव्हतं.

"हात धुवा नि लाडू वळायला बसा. खिचडी होतेय तोवर."

"आम्ही?" वडील म्हणाले.

"उपासाला बेसन चालत नाही ना? मग तुमच्याच हाती ते सुखरूप. एरवी तीनशेचे अडीचशे झाले असते."

जयदेवकाका बाह्या सरसावून पुढे आले.

"तुम्ही नाही हो. तुमचा कुठे उपास? तुम्ही जेवून घ्या."

सातला डबे शेठनं पाठवलेल्या टांग्यात चढले. सव्वासातला आमच्यापुढे खिचडी आली. नव्या खानावळीचं नाव कुणी काढलं नाही.

"म्हणजे एकादशी बघूनच हो म्हणालात?" मी विचारलं.

"मेंबर ओळखते मी माझे." बसल्या जागेवरून तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "खाली लागलंय. राख जास्त घे."